पातं गार होईपर्यंत

बर्फ लोखंडाला धरतो तो उबेपायी. आमच्या पेश्टरच्या पठारावर ही गोष्ट झैमइतकी कुणाला ठाऊक नव्हती, आणि झैम ती आपणहून कुणाला सांगायचा नाही. विचारलंच तर म्हणायचा, "माणूस गरम ठेवायचा, नांगर गार ठेवायचा. उलट झालं की दोघंही कामातून गेले."

एकतीस हिवाळे तो बर्फाच्या नांगराचा ट्रॅक्टर चालवत होता. संध्याकाळी काम थांबलं की ट्रॅक्टर वाऱ्याच्या तोंडाशी उभा करायचा. पुढचं मोठं पातं दोन दगडांवर टेकवायचं, म्हणजे रात्रीतून ते जमिनीला गोठून बसत नाही. लाकडी फावड्यानं त्याच्यावरचा बर्फ उतरवायचा. लोखंडी फावडं कधीच नाही, कारण लोखंडानं ओरखडा उठतो आणि ओरखडा म्हणजे बर्फाला नख रोवायला दिलेली जागा. मग गोणपाटानं कोरडं पुसायचं. आणि शेवटी मेंढीची चरबी. चरबीचा गोळा तंबाखूच्या डबीत, डबी कोटाच्या आतल्या खिशात, छातीच्या उबेला. गार पात्यावर ती पातळ चोळायची, वारा लागला की तिची साय धरते, आणि सकाळी बर्फ पात्यावरून असा घसरतो की जणू त्याला तिथं थांबायची लाजच वाटते.

त्याच्या अंगाला बारा महिने मेंढीचा वास यायचा. बायको होती तोवर म्हणायची, "निकाह माणसाशी लागला होता, नांदतेय मेंढराशी." ती जाऊन चार वर्षं झाली. वास तसाच राहिला, बोलणारं कुणी नाही.

त्या माघात बर्फ चार दिवस पडत होता. पडत होता म्हणजे काय, आडवा धावत होता. आमच्याकडं बर्फ वरून येत नाही, बाजूनं येतो, आणि काल उकरलेली वाट आज पुन्हा भरून ठेवतो. झैम चार दिवस तीच तीच वाट उकरत होता. त्याचे डोळे मेणबत्तीच्या बुडासारखे झाले होते, लाल आणि ओले.

वाट जायची होती क्रुशेवोला, पठाराच्या पार टोकाच्या वाडीला. तिथं त्याची धाकटी बहीण रेमझा राहायची. मूत्रपिंडं जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, असं आठवड्यातून तीनदा शहरात जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, तेव्हा पुढचे दोन दिवस जगायचे. खाली डांबरी रस्त्यावर दवाखान्याची गाडी येऊन थांबायची. गुरुवार बर्फात बुडाला. शनिवारही बुडाला तर काय, हे डॉक्टरनं झैमला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि फार शब्द वापरले नव्हते.

पण झैमला बर्फाची तेवढी भीती नव्हती. बुधवारी फोनवर रेमझा म्हणाली होती, "दादा, वाट बुजली तर बुजू दे. मला जरा निजू दे."

"निजायला रात्र आहे ना."

"तसं निजणं नाही म्हणत मी."

  त्यानं ट्रॅक्टर चालू केला.

शुक्रवारी दिवस मावळताना तो दोल्यान वाडीपर्यंत पोचला. खालून नऊ किलोमीटर झाले, वर पाच राहिले, आणि समोरचं काही दिसेना. नझिफा मावशीचं घर वाटेलाच होतं. घरात दोघीच: ऐंशीला टेकलेली मावशी आणि तिची सून मेय्रा. मुलगा परदेशात विटा रचायचा आणि उन्हाळ्यात तीन आठवडे घरी यायचा. झैमनं ट्रॅक्टर अंगणाच्या कडेला वाऱ्यात लावला, दगड शोधले, पातं खरवडलं, पुसलं, चरबी चोळली. बोटं वळत नव्हती तरी चोळली. मग आत येऊन ताटाजवळ बसला आणि आंबवलेल्या कोबीचा चमचा तोंडाकडं नेता नेता तसाच झोपी गेला. मावशीनं त्याच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला म्हणतात.

सकाळी उठून तो बाहेर आला, तर ट्रॅक्टर नाही.

आभाळ निवळलं होतं. थंडी अशी की नाकातले केस ताठ व्हावेत. अंगणात दोन दगड तेवढे उघडे होते, आणि चाकांची खूण सरळ गोठ्याकडं गेली होती.

मेय्रा गोठ्याच्या दारातून दुधाची बादली घेऊन आली. चेहरा उजळलेला. "झैमभाई, झोप लागली ना? तुमच्या ट्रॅक्टरची काळजी करू नका. रात्री मीच आत घातला. चावीच्या जागी खिळाच आहे की त्याला, कुणीही चालवील. गाई जरा एका अंगाला सारल्या, मावला बरोबर."

तिच्या मागं काठी टेकत मावशी. "पाहुणा आत, आणि त्याचं घोडं बाहेर वाऱ्यात? या घरात असं कधी झालं नाही, लेका. माझ्या सासऱ्यानं एकदा पाहुण्याच्या घोड्याला जागा करायला स्वतःची गाय बाहेर बांधली होती. गाय मेली, पण तो बोलला नाही."

झैम आत गेला. सात गाई, दोन वासरं आणि मधोमध त्याचा ट्रॅक्टर, पाय दुमडून बसलेल्या जनावरासारखा. गोठा वाफेनं भरलेला. पात्यावर लाल-काळ्या लोकरीचं जाड पांघरूण घातलेलं होतं, हातानं विणलेलं, कडेला गोंडे. असली पांघरुणं आमच्याकडं मुलीबरोबर सासरी येतात आणि पेटीतून फक्त लग्नाला आणि मौतीला बाहेर निघतात.

त्यानं पांघरूण उचललं. पातं कोमट होतं. गाईंच्या श्वासाचं पाणी त्यावरून ओघळत होतं, चरबी वितळून खाली गेली होती, आणि जी राहिली होती तिला गवताचा भुसा चिकटून पात्याला केस उगवले होते.

त्याला वाटलं, इथंच बसावं. गाईंच्या मधे, पेंढ्यावर, आणि कुणी उठवू नये.

"ऊब लागली ना त्याला?" मावशीनं दारातून विचारलं.

"लागली मावशी," झैम म्हणाला. "छान लागली."

आणखी काय म्हणणार? आमच्या पठारावर यजमानाला चूक दाखवणं म्हणजे त्याच्या चुलीत थुंकणं. त्यानं पांघरूण चारी कोपरे जुळवून घडी घालून मेय्राच्या हातात दिलं, कॉफी घेतली. दुसरीही घेतली, कारण एका कपावर उठला तर मावशीला रात्रभर वाटलं असतं की घरात काही कमी पडलं. त्या दुसऱ्या कपाची दहा मिनिटं त्याला फार लांब गेली.

निघताना अंगणातून त्यानं रेमझाला फोन लावला.

"आलास का दोल्यानला?" ती म्हणाली. "संध्याकाळी ऐकू येत होतं तुझं घुर्रघुर्र. थंडीत आवाज वर चढतो. शेजारचा बेचिर म्हणाला, तो बघ, तुझा भाऊ बर्फाला शिव्या देतोय."

"दहापर्यंत येतो. तयार राहा."

"मी म्हटलं ना दादा, नको."

"पिशवी भरून ठेव."

"सहा वर्षं भरतेय ती पिशवी. चप्पल, टॉवेल, सफरचंद. चप्पल, टॉवेल, सफरचंद. तू कधी चार तास बसलायस त्या खुर्चीत? रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि मी बघत बसते. माझंच रक्त, पण मला ओळख देत नाही."

"रेमझा."

"काय?"

"पिशवी भर," तो म्हणाला. तेवढ्यात फोन हातात मेला. थंडीत तो असाच मरतो. झैमनं तो चरबीच्या डबीशेजारी छातीशी ठेवला, पण फोन काही चरबी नव्हे, उबेनं जागा झाला नाही.

साडेसातला तो वाडीबाहेर पडला, आणि जे व्हायचं तेच झालं.

बर्फ पात्याला लागला तो तिथंच राहिला. कोमट लोखंडावर पहिला थर वितळला, वाऱ्यानं लगेच गोठला, त्यावर दुसरा बसला, दुसऱ्यावर तिसरा. पन्नास पावलांत पात्याचा वाक भरून गेला. पातं म्हणजे पातं उरलं नाही, पांढरी भिंत झाली, आणि भिंतीनं भिंत ढकलता येत नाही. ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवू लागला. झैम उतरला, लाकडी फावड्यानं खरवडलं, चढला. पुन्हा पन्नास पावलं. पुन्हा उतरला. असं आठ वेळा. आठव्या वेळी फावडं हातातून गळून पडलं. ते उचलायला वाकला, तर वाकलेलाच राहावा असं त्याला वाटलं.

मागं वळून पाहिलं. नझिफा मावशीचं धुरांडं अजून अगदी जवळ दिसत होतं. पाऊण तासात चारशे पावलं. पुढं क्रुशेवो होतं तिथंच होतं, पाच किलोमीटर पांढरं.

अशा वेळी दोनच गोष्टी असतात. खरवडत खरवडत रेटायचं, नाहीतर थांबायचं. लोखंड गार व्हायला वाऱ्यात तास तरी हवा. तासभर काही करायचं नाही. ज्याच्यापाशी तास नाही त्यानं तास देऊन टाकायचा. एकतीस हिवाळ्यांत झैमला एवढं कळलं होतं की रेटणारा दुपारी पोचतो आणि थांबणारा सकाळी. पण हे कळणं वेगळं, आणि बहीण वर बसलेली असताना इंजिन बंद करणं वेगळं.

त्यानं खिळा फिरवला. ट्रॅक्टर दोनदा थरथरला आणि गप्प झाला.

मग जे गप्प झालं त्याला शांतता म्हणवत नाही. कान दुखावा इतकं ते मोठं होतं. त्यानं पातं वर उचलून वाऱ्यात धरलं होतं. आता खरवडायचंही नव्हतं, नुसतं गोणपाटानं भुसा निपटून काढायचा आणि उभं राहायचं. डोळे मिटले की आत लाल व्हायचं. तो उभ्यानं पेंगला. पेंगताना आईचा आवाज आला. बर्फ उकरणाऱ्या पुरुषांना भाकरी घेऊन जाताना आमच्या बायका म्हणत असत:

*वाट गं बुजली, बुजली हातभर,*
*माझ्या ग भावाचं वाटंला अंतर.*
*वाट गं उघडली, वाटंनं कोण येई,*
*आधी येई वारा, मागून माझा भाई.*

"झैमभाई."

तो दचकला. मेय्रा होती, गुडघ्यापर्यंत बर्फात, एका हातात कॉफीचं झाकलेलं भांडं.

"बिघडला का?"

"नाही. गार होतोय."

"कोण?"

"मी," झैम म्हणाला.

ती हसली. मग तिनं पात्याकडं पाहिलं. पात्याच्या कडेला अजून थोडा भुसा होता आणि बर्फाचा एक कडक थर, काचेसारखा. तिनं मागं वळून चारशे पावलांची वाट पाहिली, मधेमधे खरवडून टाकलेले ढीग पाहिले, आठ होते. मग भुशाची एक काडी नखानं काढली. ती तिच्याच गोठ्यातली होती.

तिचं हसू गेलं.  तिनं भांडं त्याच्या हातात दिलं, लाकडी फावडं उचललं आणि तो काचेचा थर हळूहळू, ओरखडा न उठवता काढू लागली. कुणी शिकवलं नव्हतं, पण भाकरीच्या तव्यावरचं काढावं तसं काढत होती.

"राहू दे गं," झैम म्हणाला.

"तुम्ही कॉफी प्या."

"थंडी फार आहे. जा घरी."

"सकाळीच मला बोलायचं होतंत. दोन शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं."

"पांघरूण घातलं होतंस," तो म्हणाला. "त्या पांघरुणाला शिवी कशी देऊ?"

ती थांबली. "सासूबाईंना कळू देऊ नका."

"काय कळायचंय? ऊब लागली होती, छान लागली होती."

कॉफी संपेपर्यंत पातं स्वच्छ झालं. त्यानं हातमोज्याबाहेर उघडं बोट काढून पात्याला लावलं. बोट चिकटलं नाही, पण चावलं. अजून थोडं. पुन्हा लावलं. आता चावणं एकसारखं होतं, वरपासून खालपर्यंत. मग त्यानं छातीजवळच्या खिशातून डबी काढली आणि चरबी चोळायला सुरुवात केली. मेय्रानंही हात पुढं केला. तिच्या तळव्यावर त्यानं थोडी काढून दिली. दोघांनी दोन बाजूंनी चोळली. वारा लागताच चरबीवर साय धरली.

सूर्य टेकडीच्या वर हातभर आला होता. घड्याळ पाहायचं धाडस त्यानं केलं नाही.

इंजिन सुरू झालं. पातं बर्फात शिरलं, आणि बर्फ त्याच्यावरून पिठासारखा उडून बाजूला पडला. एकदाही चिकटला नाही. पण आनंद वाटायला अंगात काही उरायला लागतं. झैम नुसता हँडल धरून होता. वाट सरत होती, एवढंच.

बेचिरच्या जुन्या मेंढवाड्याच्या वळणाला, क्रुशेवो अजून दीड किलोमीटर असताना, त्याला समोर काळं काही दिसलं. आधी वाटलं, डोळ्यातलं आहे. मग ते घोडं झालं. पोटापर्यंत बर्फात, तोंडातून वाफ, मागं लाकूड ओढायची घसरगाडी. घोड्यापुढं बेचिर, म्हातारा, लगाम धरून शिव्या देत चाललेला. आणि घसरगाडीवर मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली रेमझा, मांडीवर फावडं आडवं.

झैमनं ट्रॅक्टर थांबवला. उतरला. घसरलाच.

रेमझाचा चेहरा सुजलेला होता, पिवळट, डोळ्यांखाली पिशव्या. दोन दिवसांत इतका. ती त्याच्याकडं बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, जणू काही मोडलंय का मोजत होती.

"जिवंत आहेस?" ती म्हणाली.

"दिसत नाही का?"

"सकाळी आवाज आला, मग थांबला. मग येईच ना. पाव तास. अर्धा तास. फोन लावते तर ती बाई म्हणते, संपर्क होत नाही. तास झाला, मेल्या. मी म्हटलं, गेला कुठल्यातरी घळीत नांगरासकट."

"हिनं माझं दार मोडलं असतं," बेचिर म्हणाला. "घोड्याचा चाराही संपू दिला नाही. म्हणते, उठ, माझा भाऊ गाडला गेलाय. मी म्हटलं, झैम गाडला जाईल? तो बर्फालाच गाडेल. ऐकेल ती कसली. फावडं घेऊन बसली वर. स्वतःला धड चालता येत नाही, निघाली भावाला उकरायला."

"ट्रॅक्टर गार होत होता," झैम म्हणाला.

"ट्रॅक्टर गार होत होता," रेमझानं त्याची नक्कल केली.  तिनं फावडं उचलून त्याच्या खांद्यावर मारलं. जोर नव्हता, फावडं नुसतं ठेवल्यासारखं लागलं.

 त्याला तिला पुष्कळ सांगायचं होतं. चार दिवस प्रत्येक वळणावर तो मनात तिच्याशी भांडत आला होता. की तुला निजायचंय ते मला कळतं, मलाही निजायचंय, पण दोघांतलं एक जागं राहायला हवं ना. 

"इतकी आलीयस," तो म्हणाला, "तर चल."

"पिशवी नाही आणली."

"टॉवेल मिळेल तिथं."

"चप्पल?"

"अनवाणी झोप खुर्चीत. कोण बघतंय."

 घोड्यानं मान हलवली, लगामावरचा बर्फ पडला. बेचिर दूर कुठंतरी बघत उभा राहिला, जसं अशा वेळी बघावं. मग रेमझानं कातडं बाजूला सारलं आणि हात पुढं केला. झैमनं तिला उचललं. पाण्यानं फुगलेली असूनही ती हलकी लागली, आणि त्याला तेच भिववून गेलं.

ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये एकच बैठक. ती त्याच्या अंगाला टेकून चाकावरच्या पत्र्यावर बसली. परतीची वाट उघडी होती. दोल्यानला फाटकाशी मावशी काठी उंचावून उभी होती. झैमनं फक्त हात हलवला. त्या फाटकापुढून कॉफी न घेता जाणं त्याच्या आयुष्यात पहिलंच. मेय्रानं मावशीला खांद्याला धरून आत वळवलं.

"शी, काय वास आहे तुझ्या अंगाला," रेमझा म्हणाली, आणि त्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ते डांबरी रस्त्याला लागले. दवाखान्याची गाडी होती. ड्रायव्हर मिलोये बाहेर उभा राहून सिगारेट ओढत होता. ती संपलेली होती, तरी ओढत होता. "अर्ध्या तासापूर्वी निघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "माझ्या साहेबाला सांगितलं, गाडीचं चाक अडकलंय. बसा लवकर, नाहीतर खरंच अडकेल."

दोघांनी तिला गाडीत बसवलं. झैमनं दार लावायला हात घातला, तर तिनं दार धरून ठेवलं.

"मंगळवारी," ती म्हणाली.

"हं."

"एवढ्या पहाटेपासून मरमर करू नकोस. दहाला आलास तरी पुरे. मी मेंढवाड्याच्या वळणापर्यंत बेचिरबरोबर येईन खाली."

"गाडीला उशीर होईल."

"तर मग साडेनऊला," रेमझा म्हणाली. "साडेनऊला ये."

दार लागलं. गाडी गेली. झैम रस्त्याच्या कडेला उभा राहिला, मग ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. पश्चिमेकडून पुन्हा वारा सुटत होता आणि वरच्या वाटेवर पांढरी भुकटी आडवी धावायला लागली होती. त्यानं थोडा वेळ डोळे मिटले.